द्यातलोव खिंड, १९५९: तंबू फाडून बाहेर का पडले, आणि परत का गेले नाहीत?

आडवाट

नमस्कार मंडळी,

मागे ट्रेकमधल्या अपघातांच्या धाग्यावर द्यातलोव खिंडीचा विषय निघाला आणि मूळ धागा बाजूलाच राहिला. तेव्हा वेगळा धागा काढते म्हटलं होतं, तो हा.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत. जानेवारी १९५९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातून (आताचं येकातेरिनबुर्ग) दहा जण उत्तर उरलमधल्या ओतोर्तेन डोंगराकडे स्कीवरून निघाले. बहुतेक जण तिथल्या उरल पॉलिटेक्निकचे विद्यार्थी किंवा नुकतेच शिकून बाहेर पडलेले. म्होरक्या इगॉर द्यातलोव, वय २३. मोहीम सगळ्यात अवघड श्रेणीची, पण पोरंही कच्ची नव्हती. युरी युदिनचं सांध्यांचं दुखणं उफाळलं आणि २८ जानेवारीला तो माघारी फिरला. उरले नऊ.

३१ तारखेला त्यांनी औस्पिया नदीच्या खोऱ्यात जादा शिधा आणि सामान झाडीत दडवून ठेवलं. येताना घ्यायचं म्हणून. त्यात एक मँडोलिनही होतं. १ फेब्रुवारीला संध्याकाळी खोलात स्याख्ल डोंगराच्या उघड्या उतारावर बर्फ खणून, सपाटी करून तंबू लावला. डोंगराची उंची जेमतेम ११०० मीटर, आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. पण अक्षांश ६१ च्या वर, आणि पारा उणे २५ च्या आसपास.

१२ फेब्रुवारीच्या सुमाराला परतल्याची तार यायची होती. आली नाही. घरच्यांनी तगादा लावल्यावर २० तारखेला शोध सुरू झाला आणि २६ ला तंबू सापडला. अर्धा कोसळलेला, वर बर्फ. आत बूट, कोट, कुऱ्हाडी, शेगडी सगळं जागच्या जागी. खायला काढलेले सालोचे (खारवलेली डुकराची चरबी) कापलेले तुकडेसुद्धा तसेच. आणि तंबूचं कापड आतून चाकूने फाडलेलं. हे आतून फाडलंय हे तपासकचेरीत कामाला आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं म्हणतात.

आठ-नऊ जणांची पावलं खाली रानाकडे गेलेली. कुणाच्या पायात नुसते मोजे, कुणाच्या एकाच पायात बूट. दीड किलोमीटरवर एका मोठ्या सीडरच्या झाडाखाली शेकोटीची राख आणि दोन मृतदेह, युरी दोरोशेंको आणि युरी क्रिवोनिशेंको, अंगावर फक्त आतले कपडे. झाडाच्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या. झाड ते तंबू या वाटेवर तिघे: द्यातलोव, रुस्तेम स्लोबोदिन, झीना कोल्मोगोरोवा. झाडापासून अंदाजे ३००, ४८० आणि ६३० मीटरवर. राहिलेले चौघे थेट मे महिन्यात मिळाले, रानात आणखी आत एका ओढ्याच्या घळीत, कित्येक मीटर बर्फाखाली. त्यातल्या ल्युदमिला दुबिनिना आणि सेम्यॉन झोलोतार्योव यांच्या बरगड्यांचा चुरा झालेला, निकोलाय तिबो-ब्रिन्योलची कवटी फुटलेली. चौथा अलेक्सांद्र कोलेवातोव.

माझ्या मते सगळी गल्लत दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होते. तंबूतून का पळाले, हा एक. आणि पळाल्यावर परत तंबूकडे का गेले नाहीत, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असायला हवं असं कुठाय?

ज्याला जे वाटतं ते लिहा. फक्त ही नऊ खरी माणसं होती, त्यांचे नातलग आजही आहेत, एवढं लक्षात ठेवून लिहूया.

कातळवेडा

धागा काढलास ते बरं केलंस ताई. माझं मत ठरलेलं आहे, लष्करी चाचणी, रॉकेटची.

कारणं सांगतो. तपास २८ मे १९५९ ला बंद केला आणि निष्कर्ष काय, तर माणसांना ज्यावर मात करता आली नाही अशी नैसर्गिक शक्ती. ही काय मोघम भाषा झाली? वादळ असेल तर वादळ म्हणा, बर्फ असेल तर बर्फ म्हणा. मग कागद दडपून ठेवले. तीन वर्षं त्या भागात गिर्यारोहकांना जाऊ दिलं नाही. काही कपड्यांवर किरणोत्सर्ग सापडला. त्या दिवसांत आकाशात आगीचे गोळे दिसल्याच्या साक्षी आहेत. आणि तपास करणारा अधिकारी लेव इवानोव यानेच १९९० मध्ये लिहिलं की त्याचा स्वतःचा संशय त्या गोळ्यांवर होता.

बाहेर जखम नाही आणि आत बरगड्यांचा भुगा. हे स्फोटाच्या हादऱ्याने होतं.

सूक्ष्मदर्शी

कातळवेडा, किरणोत्सर्गाचा मुद्दा मलाही बरीच वर्षं पटत होता. पण क्रिवोनिशेंको नोकरीला कुठे होता बघा. चेल्याबिन्स्क-४०, म्हणजे मायाकचा अणुकारखाना. तिथे सप्टेंबर १९५७ मध्ये टाकी फुटून केवढा प्रदेश दूषित झाला होता! त्याच्यानंतर दीडच वर्षाने ही मोहीम. कोलेवातोवही आधी मॉस्कोत अणुक्षेत्रातल्याच संस्थेत होता. दोघांचे कपडे त्या रात्री एकमेकांच्या अंगावर फिरले, म्हणजे मेलेल्यांचे जिवंतांनी घातले. मग थोड्याच कपड्यांवर खुणा का, याचं उत्तर मिळतं. उलट स्फोटातून आलं असतं तर तंबू, बर्फ, सगळ्यांची अंगं, सगळीकडेच दिसायला हवं होतं.

आणि आगीच्या गोळ्यांच्या ठळक साक्षी १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्चच्या आहेत. तोवर ही मंडळी जाऊन पंधरा दिवस ते दोन महिने झाले होते.

सरकारने लपवाछपवी केली यात मला शंका नाही. पण ते सरकार सगळंच लपवायचं. मायाकचा अपघातसुद्धा तीस वर्षं लपवला.

शिशिर_

अतिमंद ध्वनीचा सिद्धान्त कुणी मांडला नाही अजून. गोलसर माथ्यावरून जोराचा वारा वाहिला की दोन्ही बाजूंना भोवरे सुटत जातात, त्यांना कार्मान भोवरे म्हणतात. त्यातून कानाला ऐकू न येणारा पण छातीत जाणवणारा नाद तयार होऊ शकतो. त्याने माणूस बेचैन होतो, धास्तावतो. नऊ जण एकाच वेळी भान सुटून बाहेर पळाले याचं मला तरी हे सगळ्यात जवळचं उत्तर वाटतं.

बर्फातला_माणूस

इथे पहिल्यांदाच लिहितोय. सैन्यात होतो, नोकरीतली बरीच वर्षं बर्फात गेली. त्यामुळे राहवलं नाही.

शिशिर, भान सुटलेली माणसं एका दिशेने चालत नाहीत. ती फुटतात. एक इकडे, एक तिकडे, कुणीतरी दरीत. इथे पावलं एकमेकांच्या जवळ, एकाच दिशेने, चालीची आहेत. धावत सुटल्याची नाहीत. मला तरी यात शिस्त दिसते. कुणीतरी "खाली, झाडीकडे" म्हणालं आणि बाकीच्यांनी ऐकलं.

आता तंबूचं सांगतो. एकदा रात्री आमच्या तंबूवर वरच्या उतारावरचा बर्फ सरकून आला. फार नाही, आमच्या गावच्या बैलगाडीत मावेल इतका. तुम्हाला वाटेल भुसभुशीत कापसासारखा येत असेल. वाऱ्याने दाबून बसलेला बर्फ लादीसारखा येतो. माझा डावा हात छातीखाली अडकला होता, तोंडावर कापड घट्ट बसलेलं, आणि शेजारचा ओरडत होता ते मला विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. तंबूचं दार कुठे आहे ते आठवतच नाही अशा वेळी. चाकू ज्याच्या हाताला लागला त्याने कापड फाडलं आणि आम्ही तिथून निघालो. बूट? बुटांचा विचार मला बाहेर आल्यावर, पाय जळायला लागल्यावर आला. पण तेव्हा कुणीही परत आत जायला तयार नव्हतं, कारण वर आणखी किती बर्फ लटकलाय ते अंधारात दिसत नव्हतं. आमचं नशीब की दुसरा तंबू पन्नास पावलांवर होता. त्यांना दुसरा तंबू नव्हता.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे.

मुक्ता_क

अंगावर काटा आला वाचून. लिहिते राहा काका.

दगडमाती

मी स्थापत्य अभियंता, उतारांची स्थिरता हाच रोजचा विषय. म्हणून २०२१ चं संशोधन सांगतो. स्वित्झर्लंडमधले योहान गोम आणि अलेक्सांद्र पुझ्रिन या दोघांनी ते केलं आहे. त्याच्या आधी, जुलै २०२० मध्ये रशियाच्या सरकारी वकिलांनी फेरतपासाअंती हिमस्खलन हेच कारण जाहीर केलं होतं, पण "कसं" ते नीट कुणी दाखवलं नव्हतं.

हिमस्खलनावर जुने आक्षेप चार. उतार कमी होता (३० अंशांच्या आत सहसा बर्फ सुटत नाही). स्खलनाच्या खुणा मिळाल्या नाहीत. बर्फ कापल्यावर लगेच न कोसळता काही तासांनी का कोसळला? आणि जखमा नेहमीच्या हिमस्खलनातल्या नाहीत, त्यात लोक बहुधा गुदमरून जातात.

गोम-पुझ्रिन यांनी यातला तिसरा आक्षेप पकडला आणि मला ते फार आवडलं. तंबूसाठी द्यातलोवच्या गटाने उतारात पायरी खणली. म्हणजे वरच्या थराचा पायथाच काढून घेतला. आपल्याकडे घाटात रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय कापतात आणि दरड त्याच दिवशी येत नाही, पुढच्या पावसात येते, तसंच. इथे पावसाच्या जागी वारा. माथ्यावरून खाली वाहणारा वारा रात्रभर कोरडा बर्फ आणून तंबूच्या वरच्या अंगाला टाकत राहिला. खाली आधीच एक कच्चा, साखरेच्या दाण्यांसारखा थर होता. वजन वाढत वाढत साडेसात ते साडेतेरा तासांत लादी सुटू शकते असं गणित येतं. उतारही वरून दिसतो तितका सौम्य नव्हता, बर्फाखालचा जागेवरचा कोन २८ अंशांच्या आसपास.

आणि सुटलेली लादी म्हणजे डोंगर खाली आला असं समजू नका. पाचेक मीटरची, एखाद्या खोलीएवढी. तीन-साडेतीन आठवड्यांच्या वाऱ्यात तिची खूण राहणार कुठून?

जखमांसाठी त्यांनी दोन ठिकाणांहून मदत घेतली. बर्फाची हालचाल दाखवण्यासाठी डिस्नेच्या 'फ्रोझन' या चित्रपटासाठी लिहिलेली संगणकीय पद्धत, आणि बरगड्या किती जोराने मोडतात यासाठी १९७० च्या दशकातल्या मोटारगाड्यांच्या टकरीच्या चाचण्या. द्यातलोवच्या गटाने तंबूखाली स्की अंथरल्या होत्या. म्हणजे पाठीखाली कडक, वरून लादी. मध्ये छाती.

कातळवेडा

दगडमाती, छान समजावलंत. पण माझं समाधान होत नाही. तंबूच्या दाराकडची काठी उभीच होती. तंबूवर एक टॉर्च पडलेला सापडला, त्याच्या खालीही थोडा बर्फ होता. लादी आली तर काठी कशी उभी राहते?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याच्या बरगड्यांचा चुरा झालाय तो दीड किलोमीटर चालतो? पावलांमध्ये कुणाला ओढत नेल्याची किंवा उचलून नेल्याची खूण नाही. ज्याची कवटी आत गेलीय तो तर शुद्धीवरच नसणार.

डॉ_नीलकंठ

कातळवेडा यांचा दुसरा आक्षेप वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे. तिबो-ब्रिन्योलला तशी इजा झाल्यावर तो आपल्या पायांनी उतरला असेल हे मला अशक्य वाटतं. दुबिनिनाबद्दलही तेच. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनीच हा मार मोटारीच्या धडकेच्या तोडीचा म्हटला होता.

पण यातून "म्हणजे हिमस्खलन नाही" हे सिद्ध होत नाही. यातून एवढंच निघतं की त्या तिघांना हा मार तंबूत लागला नसावा. नंतर लागला असावा.

बाकी ज्या गोष्टी भयंकर म्हणून सांगितल्या जातात त्यांचं सरळ उत्तर आहे. घळीतल्या काही देहांना डोळे आणि जीभ नसणं: ते देह मे महिन्यापर्यंत वितळत्या बर्फात, वाहत्या पाण्याजवळ होते. मऊ भाग आधी जातात. कुणी कापले-बिपले नाहीत. कपडे नसणं: गारठ्याच्या शेवटच्या टप्प्यात कातडीतल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, गरम रक्त बाहेर येतं आणि मरणाऱ्या माणसाला अंगाची आग होतेय असं वाटून तो कपडे काढतो. हे कुठल्याही थंड प्रदेशातल्या डॉक्टरला माहीत असतं. मात्र सीडरखालच्या दोघांच्या बाबतीत मला हेही लावायची गरज वाटत नाही, त्यांचे कपडे मागे राहिलेल्यांनी घेतले. काही कापून घेतले. घळीतल्या देहांवर त्या दोघांचे कपडे सापडले.

क्रिवोनिशेंकोच्या पायावर भाजल्याच्या खुणा आहेत. शेकोटीत पाय गेला तरी कळलं नाही, इतका बधिर.

मुक्ता_क

एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. सगळ्यात आधी संशय कुणावर गेला माहितीये? मान्सींवर. तिथले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारे. यांच्या पवित्र डोंगरावर पोरं गेली म्हणून यांनी मारलं, असं ठरवून चौकशीला बसवलं. तंबूभोवती दुसऱ्या कुणाची पावलं नाहीत, झटापट नाही, चोरी नाही, तरी. आणि हेच मान्सी शोधपथकांबरोबर बर्फ तुडवत होते!

डोंगराच्या नावाचं भाषांतर "मृतांचा डोंगर" करून भीती घालतात. तिथे शिकार मिळत नाही, काही उगवत नाही, म्हणून मेलेला डोंगर, एवढंच. आपल्याकडे गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, ते लहानपणी पाहिलंय. त्यामुळे हा भाग वाचताना फार त्रास झाला.

कातळवेडा

मुक्ता, या बाबतीत शंभर टक्के सहमत. मान्सींचा काही संबंध नाही.

उरणकर

मी शिक्षणासाठी येकातेरिनबुर्गमध्ये सहा वर्षं होतो, म्हणून थोडं. मिखाइलोव्स्कोये कब्रस्तानात यांचं स्मारक आहे, नऊ जणांचे फोटो लावलेले. सातच जण तिथे पुरलेत, क्रिवोनिशेंको आणि झोलोतार्योव दुसऱ्या कब्रस्तानात आहेत. मी गेलो तेव्हा भर हिवाळा होता, आणि कुणीतरी फोटोंवरचा बर्फ हाताने पुसून गेलेलं होतं. फोटोएवढाच चौकोन पुसलेला, बाकी दगड पांढरा.

माघारी फिरलेला युरी युदिन २०१३ मध्ये गेला. त्यालाही मित्रांजवळच जागा दिली. १९५९ मध्ये तंबूतलं सामान कुणाचं कुठलं हे ओळखायला त्यालाच बसवलं होतं. एकवीस वर्षांचा मुलगा. हा स्वेटर हिचा, ही वही त्याची.

तिथे या विषयावर दहा जणांची दहा मतं असतात. आमच्या वसतिगृहाच्या वॉर्डन आजी रॉकेटवाल्या होत्या, त्यांचं मत बदलणं शक्य नव्हतं.

रानमेवा

वाऱ्याचं पारडं कुणी जड करत नाहीये. फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वीडनच्या अनारिस डोंगरात असंच झालं. नऊ जण स्कीवरून निघालेले, वारा अचानक सुटला, आठ गेले, एक वाचला. तिथे ना लादी, ना रॉकेट. उतारावरून कोसळणाऱ्या वाऱ्याने तंबू फाटायच्या बेतात आला तर माणसं बर्फ टाकून तंबू दाबून ठेवतील आणि झाडीत आसरा घेतील. टॉर्च तंबूवर खूण म्हणून ठेवला असेल. काठी उभी असल्याचंही उत्तर मिळतं.

बर्फातला_माणूस

रानमेवा, हे शक्य आहे. पण वाऱ्यासाठी बाहेर पडायचं असेल तर मी बूट घालतो. पाच मिनिटं असतातच. दारातून निघतो, तंबू फाडत नाही. फाडला म्हणजे अंगावर काहीतरी होतं.

दाराकडची काठी उभी राहू शकते. आमच्या वेळी तंबूचा एकच कोपरा दबला होता. बाकी अर्धा तसाच.

आडवाट

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. कातळवेडा, तुझ्या आक्षेपामुळे आणि डॉक्टरांच्या उत्तरामुळे माझं मत स्पष्ट झालं, म्हणून तुझे आभार.

मला असं दिसतं. लादी किंवा तिची भीती, जे असेल ते, तंबू सोडायला कारण झालं. पण त्याने कुणी मेलं नाही. उतरल्यावर सुरू झालं ते तासन्‌तास चाललेलं जगायचं काम, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. उणे २५ मध्ये मोज्यांवर चालत जाऊन यांनी काड्यापेटीने शेकोटी पेटवली. सीडरवर पाच मीटर चढून फांद्या मोडल्या, सरपणासाठी किंवा तंबू दिसतोय का ते बघायला. दोघं गेले तेव्हा त्यांचे कपडे वाया जाऊ दिले नाहीत. तिघे वर तंबूकडे निघाले. झीना सगळ्यात पुढे पोचली, चढाकडे तोंड करून. म्हणजे "परत का गेले नाहीत" हा माझा प्रश्नच चुकीचा होता. ते गेले होते. अंधारात, वाऱ्याविरुद्ध, बुटांशिवाय. पोचले नाहीत.

आणि घळीतल्या चौघांनी फर झाडांची कोवळी खोडं तोडून बर्फात बैठक केली होती. वर कपडे पसरून चार जागा. चार माणसांसाठी चार. इथे माझं घोडं अडतं. मग चौघे त्या बैठकीवर का नाहीत? देह तिच्यापासून काही मीटरवर, ओढ्यात सापडले. काका, तुम्हाला काय वाटतं?

बर्फातला_माणूस

ताई, ओढा वाहता असेल तर त्याच्यावरचा बर्फ आतून पोकळ असतो. पाणी खालून खात राहतं आणि वर छत तयार होतं. वरून चालताना काही कळत नाही. आवाज थोडा बदलतो, भरीव मडक्यावर आणि रिकाम्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा, पण वाऱ्यात तो कोण ऐकणार. छत बसलं की माणूस दगडांवर पडतो आणि मागून वरचा सगळा बर्फ छातीवर येतो. बाहेरून कातडी फाटणार नाही, आत बरगड्या जातील.

बैठक केल्यावर ते आडोसा मोठा करायला बाजूचा बर्फ खणत असतील, किंवा सरपण आणायला ओढा ओलांडत असतील.

डॉ_नीलकंठ

हे जखमांशी जुळतं. दगडावर डोकं आणि छातीवर पसरट दाब, दोन्ही.

कातळवेडा

मला अजून रॉकेटचं पूर्ण सोडवत नाही, खोटं कशाला बोलू. पण छताचं पटलं. बैठकीच्या चार जागांबद्दल मला माहीत नव्हतं. त्या जागांवर कुणाकुणाचे कपडे होते, याची यादी कुठे मिळेल का?

आडवाट

तपासाच्या कागदांत यादी आहे. कालपासून रशियन अक्षरं लावत वाचतेय. त्यात एका विजारीचा उजवा पाय कापून नेलेला आहे. उरणकर, उरलेलं वाचायला मदत कराल का? मी आज रात्री दहानंतर आहे.

उरणकर

हो, येतो.